मानाच्या खुर्चीतला मोबाईल

सगळ्यांत आधी कोण आलं असेल, सांग भागू? तुझ्या काशीरामदादाचा मोबाईल! दादा नाही, नुसता मोबाईल. त्याच्या सुनेने पिशवीतून काढला, हॉलमधल्या पहिल्या खुर्चीवर ठेवला, "बाबांनी पाठवलाय" म्हणाली आणि बाहेर अंगणात जाऊन उभी राहिली.

थांब, आधी नमस्कार घे. आगाशीहून मंजुळाचा तुला आणि चिंचणीच्या सगळ्या मंडळींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? तेल चोळतेस ना, की नुसतं बाटलीकडे बघतेस? मी मजेत आहे. फोनच करणार होते, पण फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि जे येतं त्यावर तू मला पुढे बोलू देत नाहीस. म्हणून कागद घेतला. चौथीच्या शिक्षणात बसेल तेवढं लिहिते.

तर आपल्या समाजाच्या हॉलचं तुला माहीतच आहे. दादरच्या मध्यवर्ती मंडळाला कुणीतरी (कुणी ते मला माहीत आहे, पण कागदावर नको) जाऊन सांगितलं, की आगाशीचा हॉल रिकामा पडून असतो. मग ठरलं, की स्टेज तोडायचं आणि तिथे कोचिंग क्लासच्या दोन खोल्या काढायच्या. आपलं स्टेज, भागू! जिथे तू राणी झालीस आणि राजाला सोडून प्रेक्षकांत बसलेल्या आईकडे पळालीस. आम्ही बायकांनी अर्ज केला, भांडलो. शेवटी ते म्हणाले, रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला तुमचं नाटक आहे ना, त्या दिवशी आमची दोन माणसं बघायला येतील. हॉल भरलेला दिसला तर स्टेज राहील. रिकामा दिसला तर महिनाभरात तोडायला घेऊ.

आता गंमत बघ. माणसं कमी नव्हती. परवा रविवारी सकाळी दहाला साठ-सत्तर जण आले होते. पण सगळे अंगणात उभे! कारण मानाच्या खुर्चीत समाजातला वडीलधारा बसल्याशिवाय आपल्यात कुणी टेकत नाही, आणि वडीलधारा म्हणजे तुझा दादा, आणि दादा रुसलेला. का? तर दरवर्षी आपण घरोघरी जाऊन उंबऱ्यावर अक्षता ठेवतो, "यायचं हं" म्हणतो. यंदा माझ्या दिपिकाने (नात माझी, हुशार आहे, पण घाई फार) आमंत्रण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. दादा म्हणाला, "मला कुठे बोलावलंय? मोबाईलला बोलावलंय. मोबाईल जाईल." आणि खरंच पाठवला.

अंगणात लगेच दोन तट. एक म्हणे मोबाईल दादाचाच आहे, तेव्हा दादा बसल्यासारखाच, चला आत. दुसरा म्हणे उद्या चपला पाठवेल, मग चपलांना नमस्कार करणार का? एवढ्यात गाडी आली. दादरचा हर्षवर्धन, हातात कागद लावलेली पाटी, आणि स्वप्नामॅडम, भारी साडी, पण चेहरा प्रेमळ. दोघं आत गेली. शंभर खुर्च्या, एकही माणूस नाही, पहिल्या खुर्चीत एक मोबाईल! हर्षवर्धनने "कुणाचा विसरलाय?" म्हणत हात पुढे केला, आणि दारातून साठ माणसं एकदम ओरडली, "उचलू नका!" बिचारा दोन हात मागे उडाला. बाँब आहे असं वाटलं असेल. मग घड्याळ बघून त्याने कागदावर लिहिलं. दिपिकाने मागून डोकावून वाचलं: 'दहा वाजून दहा मिनिटे, हॉल रिकामा.' म्हणाला, "आम्हाला पुढे तुळिंजला जायचंय. फार तर अर्धा तास थांबतो."

हातात अक्षतांची वाटी घेतली आणि रॉकीच्या रिक्षात बसले. पण मी नाटकात हवालदार होते ना! अंगात खाकी, डोक्यावर टोपी, हातात दंडुका, आणि मिशी डिंकाने नुकतीच चिकटवलेली. दिपिकाने बजावलं होतं, "आजी, मिशी वाळेपर्यंत तोंड उघडायचं नाही." (रॉकी म्हणाला, मंजुळामावशी गप्प बसलेली आज पहिल्यांदा बघतोय. त्याला काय बोलणार? बोलता येत नव्हतं.)

दादा वाडीत केळींना पाणी सोडत होता, चष्मा घरात. मी फाटकात उभी राहिले. वाटी पुढे करणार, तर घाईत हात पुढे गेला तो दंडुक्याचा. तुझा दादा पांढरा फटक! नळी टाकली, टोपी घातली आणि मुकाट रिक्षात येऊन बसला. आणि सगळ्या वाटेने एकच, "साहेब, शेवग्याची फांदी मी तोडली नाही, ती आपली आपण पडली. त्या मंजुळेचा शेवगाच कुजका." माझा शेवगा, भागू! मी पावसाला दोष देत होते! मिशी नसती तर तिथेच उत्तर दिलं असतं. पण पंधरा मिनिटं उरली होती, गिळलं.

हॉलपाशी पोचलो. दादा घाबरलेलाच आत गेला, खुर्चीवर आपला मोबाईल दिसला, तो खिशात टाकला आणि सवयीने बसला. त्याच्यामागे साठ माणसं धाडकन बसली. काय तो आवाज, अंगावर काटा आला. हर्षवर्धनने लिहिलं, 'दहा अडतीस, हॉल भरलेला.' पडदा उघडला, स्वप्नामॅडमनी टाळ्या वाजवल्या, मला रडूच यायला लागलं, पण मिशी.

दुसऱ्या प्रवेशात मी स्टेजवर आले आणि पहिलं वाक्य बोलले. आवाज तर काही खाकी घालत नाही. दादा ताडकन उठला, "अगं, ही तर मंजुळा!" आणि चालता झाला. आणि मानाचा माणूस उठला की आपल्यात काय करतात? सगळे उठले! माझ्या बहिणीसारख्या बायकासुद्धा, मान खाली घालून, एकामागे एक बाहेर. हर्षवर्धनने पाटीकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि लिहिलं, 'दहा पंचावन्न, हॉल रिकामा.' मग म्हणाला, "मॅडम, मी शेरा काय मारू?" मॅडम हसत होत्या. तिळगूळ खाऊन, काही न ठरवता दोघं गेली.

असो. एवढी मजा मला वर्षानुवर्षं आली नव्हती. बाकी सगळं क्षेम. तुझ्या उत्तराची वाट बघत नाही, तू लिहिणार नाहीसच.

तुझी,
मंजुळा

ता. क. : रविवारनंतर दोन वेळा त्याच्याकडे अक्षता घेऊन गेले. दोन्ही वेळा दादाने दार उघडलं नाही. दिपिकाने पाया पडून माफी मागितली, तिला केळी दिली आणि परत पाठवलं.

ता. क. दुसरं : पत्र खरं यासाठीच. बहिणीच्या हातची अक्षता तो परत करणार नाही, तुझ्या हातची तर नाहीच. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, रॉकी चिंचणीपर्यंत न्यायला येतो म्हणालाय. शनिवारी ये, माझ्याकडे राहा. नाहीतर स्टेज गेलं समज. ती दोघं आठ फेब्रुवारीला, रविवारी सकाळी दहाला परत येतो म्हणून गेलीत.