डोन्या ओफेलियाची जीभ

५ मार्च, राखेचा बुधवार

राहायला जागा मिळाली! टपरीच्या मागे खोली. खाट, पंखा, पिशवी टांगायला खिळा. पुरे.

वेस्लाकोच्या शेतांतले कांदे काढून संपले, आमची मजुरांची टोळी पुढच्या राज्यात गेली. मी नाही. मी बर्फाचा गोळा खात उभी होते, तेवढ्यात ट्रक निघून गेला — धावले असते तर मिळाला असता. धावले नाही. लाल गोळा होता, अंबाडीचा.

टपरीची मालकीण डोन्या ओफेलिया — डोन्या म्हणजे बाई, मानानं. कपाळावर राखेचा क्रॉस. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होती, "ईस्टरपर्यंत मला तिखट बंद! सान हुआनच्या मेरीमातेला नवस बोललेय." चामॉयच्या तिखटजाळ काकड्या विकायच्या आणि तिखट बंद! लोक हात जोडायचे बाकी होते.

खिडकी बंद केली नि मला म्हणाली, "नवस कसला डोंबलाचा! जानेवारीत ताप आला, जाताना चव घेऊन गेला. वासही." मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुला लागते ना गं चव?"

म्हटलं, लागते.

"मग राहा."

७ मार्च

काम असं. जाड खारवलेल्या काकड्या निथळायच्या. खारे जर्दाळू, अंबाडीची फुलं, साखर, सुकी मिरची एकत्र उकळायचं, वाटायचं, वर लिंबू पिळायचं — हे चामॉय. काकड्या त्यात दोन दिवस बुडवायच्या. मग पोट कोरून चिंचेची गोळी भरायची, वरून तिखट. बोटं लाल होतात. डोळे चोळू नयेत. चोळले.

डोन्या स्वतः चाखत नाही. मला चाखायला लावते आणि विचारते, "कुठे लागलं? टोकाला की कडेला? तिखट लगेच आलं का मागून?" मी सांगते. ती डोळे मिटून ऐकते, आणि चिमूटभर साखर टाकते. मी परत चाखते तर — अगदी बरोबर! कसं काय?

"गोड आधी दारात यायला हवं," म्हणते. "आंबट खिडकीतून. तिखट उशिरा, न बोलावलेल्या पाहुण्यासारखं."

१६ मार्च

रविवार. ह्यूस्टनहून तिच्या मुलीचा फोन. ग्रिसेल्दा. रविवारी करतेच. फोन कानापासून लांब धरला तरी ऐकू येतो.

"आमा, वास येतो का आता?"

"येतो की. तुझ्या तोंडाचा इथवर येतोय."

पुढच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. जानेवारीत गॅस चालू राहिला होता, डोन्याला वास आला नाही. शेजारचे म्हातारे एपिफानियो रेडिओच्या बॅटऱ्या मागायला आले म्हणून निभावलं. ग्रिसेल्दानं तेव्हाच बजावलंय — वास-चव परत आली नाही तर एकटी ठेवणार नाही, टपरी बंद, चल ह्यूस्टनला. ईस्टरला येणार आहे, बघायला. तोवर नवसाची पळवाट.

"ह्यूस्टनला काय करू मी?" फोन ठेवून डोन्या म्हणाली. "तिच्या सोफ्याला प्लास्टिक आहे."

टपरी बंद म्हणजे माझी खाटही.

२९ मार्च

कुणाशी बोललेच नाही आज. गिऱ्हाइकं बोलतात, पण खिडकीशी. कांद्याच्या टोळीत बावीस जणी होतो, त्यांतल्या एकीलाही माझं आडनाव ठाऊक नव्हतं. मला त्यांचं नव्हतं. नववीत शाळा सुटली तेव्हापासून असंच. वाईट वाटतं असं नाही. रविवारी वाटतं थोडं. आज तर शनिवारच आहे!

१२ एप्रिल

डोन्याचा सराव सुरू. काकडी चावायची, थांबायचं, मग डोळ्यांत पाणी आणायचं. "आता खोका. आता हसा." मी शिकवते! ती उलटा क्रम करते. एपिफानियो कुंपणापलीकडून — "ओफेलिया, पोटात कळ आलीय का?"

"तुझा रेडिओ ऐकून येते!"

खूप हसलो. मग ती आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

१९ एप्रिल

अंड्यांची टरफलं रंगवत बसले दिवसभर, आत कागदाचे तुकडे भरून. उद्या एकमेकांच्या डोक्यावर फोडायची. एका अंड्यावर पोपट काढला. चोच जमेना. काकड्या बरणीतून काढून ठेवल्यात.

२० एप्रिल, ईस्टर

सगळं बिघडलं, आणि मी बिघडवलं.

ग्रिसेल्दा आली. उंच, दमलेली, केसांत आधीच कागदाचे तुकडे. सगळ्यांसमोर म्हणाली, "नवस फिटला ना, आमा? घे पहिला घास."

डोन्या चावली. थांबली. डोळ्यांत पाणी, खोकला, हसू. बरोबर क्रमानं! "वा! चाळीस दिवसांचं सोनं झालं!"

उरलेली ग्रिसेल्दानं खाल्ली. सावकाश. सगळी. "तुझ्याच हातची, आमा."

मला नाचावंसं वाटलं. मग मीही एक तोंडात टाकली — थू! नुसतं मीठ आणि मिरची! पोपटाच्या नादात दुसऱ्याच बरणीत हात घातला होता. चामॉयमध्ये न गेलेल्या काकड्या, वरून तिखट लावलं की दिसायला तशाच लाल.

ग्रिसेल्दानं मला मोरीपाशी गाठलं. तांब्याभर पाणी प्यायली आधी.

"चव कोण घेतं?"

"मी."

"आणि गॅस?"

"रोज मीच बघते. दोनदा."

तिनं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "तू किती दिवस राहणार आहेस इथे?"

हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. कधी जाणार, असं विचारतात. मी म्हटलं — माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं!

"उद्या दुपारी निघायचंय मला. तू राहणार असशील तर मी काही खाल्लं नाही, काही पाहिलं नाही. नाहीतर तिला नेते. तिला यातलं काही बोलू नकोस."

२१ एप्रिल

सकाळी ठरवलं. राहते. वाक्यही तयार केलं. म्हणायची सवय नाही, म्हणून म्हणत म्हणत कालव्यापर्यंत चालत गेले. तिथे पोपट! हिरवे, लाल टाळूचे, शंभरेक, तारेवर भांडत. एक जण दुसऱ्याला सारखा ढकलत होता आणि परत त्याच्याचजवळ जाऊन बसत होता. बघत राहिले, दुपार कधी झाली कळलंच नाही.

परत आले तर खिडकीला फळी. अंगणात टायरांच्या खुणा. एपिफानियोंनी रेडिओ बंद केला — पहिल्यांदाच. "पोरी, एक वाजेपर्यंत थांबल्या त्या. ओफेलिया तर गाडीत बसेचना. शेवटी मुलीनं सांगितलं असावं काहीतरी. मग बसली."

वाक्य तोंडातच राहिलं. त्यांना कशाला सांगू?

चूल पुसली. गॅस बघितला. दोनदा. पिशवी खिळ्यावरून काढली, मग खाटेवर ठेवली, मग तिच्याशेजारी बसून राहिले.

२२ एप्रिल

सकाळी सकाळी एपिफानियोंकडे माझ्यासाठी ग्रिसेल्दाचा फोन. वाटेत व्हिक्टोरिया गावी रात्री मुक्कामाला थांबल्या, आता म्हातारी मोटेलबाहेरच्या बाकावरून उठत नाही. "ही पुढे येत नाही. मी मागे वळणार नाही. तू राहणार असशील तरच ये आणि घेऊन जा हिला." मागून डोन्या — "तिला म्हणावं, जेवून निघ!"

जेवले नाही. धावत सुटले. बस मिळाली. जाताना एक तिकीट, येताना दोन.