पिट्टूचा व्यायाम, माझे फोन

३ मार्च
सुटले! आजपासून पिट्टूचा व्यायाम घरीच. फिजिओथेरपी केंद्रात नेणं-आणणं बंद, अर्धी रजा बंद, जिन्यावरून त्याला धरून उतरवणं बंद. एमएस, म्हणजे नसांचा हा आजार असलेल्यांसाठी फिजिओ मॅडम तोच वर्ग टॅबवरूनही घेतात. पिट्टूचं तोंड एवढंसं झालं. तिथली माणसं बरी वाटतात म्हणाला. मी म्हटलं, माणसं पडद्यावरही दिसतील.

माझं टेबल आणि त्याची खुर्ची एकाच खोलीत. माझं काम फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकून घेण्याचं, तेव्हा शिस्त हवी. त्याने कानात हेडफोन घालायचे आणि व्यायाम होईपर्यंत पंखा बंद. आमचा पंखा असा खडखडतो की ग्राहक विचारतात, गिरणीतून बोलताय का! तो बरं म्हणाला. आमचा हा धाकटा भाऊ सगळ्याला बरंच म्हणतो.

१७ मार्च
छान चाललंय.

९ एप्रिल
छान कसलं! खुर्चीतून उठताच येईना त्याला. हातातला रबरी पट्टा मधेच टाकून दिला, समोरचं धुरकट दिसतंय म्हणाला. आडवा झाला. जेवायच्या वेळी पुन्हा ठीक. गेला आठवडाभर हेच. आजार वाढला असता तर जेवायच्या वेळेपर्यंत उतरला असता का? मला वाटतं अंग चोरतो.

२४ एप्रिल
तपासणीसाठी केंद्रात नेलं. बघते तर काय – पठ्ठ्या चालतोय! दोन दांड्यांमधून या टोकाचा त्या टोकाला, वर बाजूच्या काकांची फिरकी घेणं चालू. आनंद व्हायला हवा होता मला. डोक्यात तिडीक गेली. घरी येताना गाडीत बोलले, "माझ्यासमोर लोळागोळा होऊन पडतोस आणि इथे हिंडतोस. नाटकं बंद कर आता."



२८ एप्रिल
फिजिओ मॅडमचा फोन. मी पिट्टूच्या आळसाचा पाढा वाचला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, खोलीत उकडतं का? या आजारात अंग तापलं की नसा कामच करेनाशा होतात. पाय गळतात, नजर धूसर होते, अंग गार झालं की परत येतं. केंद्रात एसी असतो तो म्हणून. घरी पंखा लावून बस, हे त्यांनी पिट्टूला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्याला जाऊन विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तुझे फोन चालू असतात ना, ताई."

टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर भांडता तरी आलं असतं. दिवसभर परक्यांच्या तक्रारी ऐकते आणि एकालाही खोटं म्हणत नाही – नोकरीचा नियमच आहे. आणि सख्ख्या भावाला नाटकी म्हणाले. जीभ झडायला हवी होती तेव्हाच.

२९ एप्रिल
माफी मागितली. धड जमली नाही. मधेच मला रडू आलं, तर तोच मला पाणी आणायला उठायला लागला.

६ मे
नवा पंखा आला. जराही आवाज नाही त्याचा. तरीही मी माझं टेबल स्वयंपाकघरात हलवलं. पट्टा पुन्हा ताणतो, खुर्चीतून उठतो. मी अधूनमधून डोकावते – दमलास का रे? थांबायचं का? मस्त चाललंय म्हणतो. काल मस्त, आज मस्त. छातीवरचा दगड उतरला. माणूस चुकतो, सुधारतोही.

१९ मे
पुन्हा केंद्रात जायचं म्हणतो! इथे पंखा आहे, टॅब आहे, मी आहे. खोदून खोदून विचारलं तर म्हणे, तिथे बरं वाटतं. वाईट वाटलं. पण नाही म्हणायला तोंड कुठे आहे मला? रजा टाकली.

२२ मे
वर्ग चालू असताना बाहेरच्या बाकावर बसले होते. दार अर्धवट उघडं. अर्ध्यातच पिट्टूने हात वर केला.

"मॅडम, दमलो. बसू का जरा?"

बसला. बाकीच्यांचा व्यायाम चालू राहिला.

घरी येताना मी विचारलं, दमलास का रे?

"छे. मस्त."