धुराच्या खोलीची कडी

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
पोलीस ठाणे, ता. भोर, जि. पुणे

अर्जदार : सौ. सुलक्षणा सोमनाथ शिळीमकर, वय २६, रा. कामथडी

विषय : 'दार आपोआप अडकले' हा माझ्या सहीचा जबाब खोटा असल्याने तो रद्द करून खरा जबाब घेण्याबाबत.
संदर्भ : श्री. प्रद्युम्न खासनीस यांची माझ्याविरुद्धची मारहाणीची फिर्याद, दि. १२/११/२०२४.

महोदय,

१. मी एका खासगी प्रयोगशाळेत दोन वर्षे उंदरांची देखभाल करीत होते. तेथे गाभण उंदरिणींना काचेच्या पेटीत ठेवून यंत्राने सिगारेटचा धूर देतात व पिल्लांवर होणारा परिणाम पाहतात. पिल्ले हलकी होतात, काही मेलेली निघतात. ती मीच तोलून वहीत लिहीत असे. त्यामुळे धूर काय करतो हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

२. ऑक्टोबरअखेर धूर बाहेर ओढणारा पंखा बंद पडला. मला सातवा महिना होता. दुसरे काम द्यावे म्हणून व्यवस्थापक खासनीस साहेबांना तीनदा विनंती केली. दि. ११ नोव्हेंबर रोजी सकाळी मी धुराच्या खोलीत जाण्यास नकार दिला. त्यांनी दंडाला धरून मला आत ढकलले, बाहेरून कडी घातली आणि बाहेरच्याच भिंतीवरचे बटण दाबून यंत्र सुरू केले.

३. पेटीच्या फटींतून येणाऱ्या धुराने खोली भरली. आत उंदरिणी एकमेकींच्या अंगावर चढत होत्या. मी दार बडवले. माझी सहकारी सगुणाबाई बाहेरून म्हणत होती, "साहेब, बाई पोटुशी हाय, कडी काढा." साहेब म्हणाले, "उंदीर तासभर टिकतात, हिला काय होतंय?" मी लोखंडी स्टुलाने खिडकीची काच फोडली. मनगट फाटले. सुमारे पंचवीस मिनिटांनी सगुणाबाईने साहेबांना लोटून कडी काढली. त्यानंतरची मारहाण शेवटी लिहिते.

४. त्याच संध्याकाळी सरकारी दवाखान्यात मला मुलगी झाली. ती रडली नाही. धुरानेच झाले असे खात्रीने सांगता येत नाही, असे डॉक्टर म्हणाले. मीही तसे म्हणत नाही. कडी कोणी घातली, एवढेच सांगते.

५. दुसऱ्या दिवशी मी ग्लानीत असताना माझे चुलतदीर रघुवीर, जे त्याच प्रयोगशाळेचा टेम्पो चालवतात, लिहून आणलेला कागद घेऊन आले. "वहिनी, दार अडकलं एवढंच लिवलंय. सही करा, साहेब केस मागं घेत्यात." मी सही केली. तोच कागद माझा जबाब म्हणून आपल्याकडे आला आहे. घरचे म्हणतात, आता गप्प बस. मला ते जमत नाही.

६. फिर्यादीत मी एकच फटका मारला व पडल्यामुळे साहेबांचा हात मोडला, असे आहे. तेही चूक आहे. मी स्टुलाने तीन फटके मारले. पहिला खांद्यावर, कारण ते मला परत आत लोटत होते. दुसरा तोंडावर, दोन दात पडले. ते खाली कोसळले. वाट मोकळी झाली होती, सगुणाबाई मला ओढत होती. तेव्हा मी मागे वळून तिसरा हातावर मारला. हाड मोडल्याचे मला ऐकू आले. त्या फटक्याची गरज नव्हती.

त्याची शिक्षा मी भोगेन. परंतु माझा जबाब मी शुद्धीवर असताना, माझ्या तोंडून घ्यावा, ही विनंती.

आपल्या बोलावण्याची वाट पाहणारी,
सुलक्षणा सोमनाथ शिळीमकर
दि. २/१२/२०२४