नापीला कावळा शिवला नाही तर

मी देवाजी वारलू भोयर, वय अंदाजे साठ, धंदा मासेमारी, राहणार मार्कंडा, तहसील गडचिरोली, जिल्हा चांदा, आज पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. बिघाड छातीत आहे, डोक्यात नाही. मी सांगतो तसे गुणवंतराव मास्तर लिहीत आहेत.

१. राहते घर माझ्या स्वतःच्या कमाईचे. ते माझी बायको गुणाबाई हिला. ती पाट लावून आलेली, म्हणून माझा धाकटा भाऊ बापूजी तिला बाहेर काढील, ही धास्ती मला झोपू देत नाही.

२. डोंगा व जाळी माझ्या हाताखाली मासे धरणाऱ्या मुखरूला. जाळे फाटले की तो येऊन सांगतो, लपवत नाही.

३. रंगूनचा लोकरी कोट बापूजीला. न विचारता त्याने तो दोनदा घातला आहेच.

४. नापीची बरणी गुणाबाईला. नापी म्हणजे ब्रह्मी लोकांची झणझणीत चटणी. रंगूनच्या बंदरावर हमाली करत होतो तेव्हा शेजारच्या म्हातारीने शिकवली. बॉम्ब पडू लागले तसा पायी परत आलो. आणले ते कोट आणि ही कृती. मिठात मुरवलेले झिंगे पाण्यात उकळून गाळायचे, त्यात भाजलेला लसूण, चिंचेचा कोळ आणि वीस लाल मिरच्या भाजून, कुटून घालायच्या. बांबूचे कोवळे वास्ते उकडून त्यात बुडवले की मला दुसरे काही नको. गुणा मात्र पंधरा वर्षे नाक दाबून म्हणते, "मले नाई लागत तुमची नापी. घरभर वास करून ठेवता."

५. आता खरी काळजी. दहाव्याला पिंडाजवळ मेलेल्याच्या आवडीचे ठेवतात, आणि माझी आवड गावाला ठाऊक आहे. आमची आई गेली तेव्हा दुपार टळली तरी कावळा शिवेना. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. बापूजी भर घाटावर म्हणाला, "भाऊ, या बाईनं बुढीले उपाशी ठेवलं, म्हणून जीव अडकला." वर्षभर बायका गुणाशी बोलल्या नाहीत. माझ्या वेळी तो हेच म्हणून घर घेईल.

म्हणून मी अंगणात कावळ्यांना भातावर नापी घालून पाहिली. एकाने चोच लावली, कौलावर पुसली आणि उडाला. मिरच्या बारा केल्या, सहा केल्या, तरी तेच. बिनमिरचीची सगळी खाल्ली, पण ती माझ्या आवडीची नव्हे. तशी ठेवली तर खरोखरच माझा जीव अडकेल.

हे ऐकून गुणा म्हणाली, "वीस मिरच्यांचीच ठेवीन. कावळा नाई शिवला तं मी खाईन, सगळ्यांपुढं." मला रडू आले.

सबब जाहीर करतो की कावळा आला नाही तर दोष मिरचीचा, गुणाचा नव्हे. तिने या घरात सुखाने राहावे एवढीच माझी इच्छा. तिने घास घेतला की कावळा शिवला असे समजावे.

६. यावर बापूजीची साक्ष मला हवीच. ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये, असे मास्तर म्हणतात. म्हणून कलम ३ रद्द. कोट माझ्याबरोबर जाळावा.

ठिकाण मार्कंडा, दिनांक १२ मार्च १९५७

देवाजी वारलू भोयर, सही

साक्षीदार:
गुणवंतराव बोरकुटे, शिक्षक, सही
बापूजी वारलू भोयर, डाव्या हाताचा अंगठा

शेरा: अंगठा लावण्याआधी बापूजीने विचारले, "काऊन भाऊ, कावळ्यानं खरंच नाई खाल्ली?" त्याला बोटभर नापी चाखायला दिली. तो रांजणाकडे धावला. परत येऊन माझ्या खाटेशी बसला, बराच वेळ डोळे पुसत राहिला, मग अंगठा लावला. डोळ्यांतले पाणी तिखटाचे होते, असे त्याच्या सांगण्यावरून लिहिले आहे.