मूठ न सोडता हात सुटण्याबाबत

प्रति,
मा. रेंजर साहेब,
जंगल खाते, कारवाडी रेंज,
जिल्हा यवतमाळ.

ता. ३ मार्च १९६३

विषय : सरकारी फळात अडकलेला अर्जदाराचा उजवा हात मुठीसकट बाहेर काढण्यास परवानगी मिळणेबाबत.
संदर्भ : फॉरेस्ट गार्ड रामलाल यांची काल संध्याकाळची तोंडी ताकीद.

महोदय,

विनंती अर्ज करण्यात येतो की, अर्जदार पूनमसिंग किसनसिंग राठोड, राहणार बोरखडी तांडा, हा आपल्या डाकबंगल्याच्या आवारात बैलगाडीवर उभा असून त्याचा उजवा हात कालपासून झाडात आहे. सबब हा मजकूर शाळेचे धर्मपाल गुरुजी लिहीत आहेत.

सदर झाड एका गोऱ्या साहेबाने सातासमुद्रापलीकडच्या पावसाळी जंगलातून आणून विहिरीजवळ लावले. त्याला लाकडी मडक्यासारखी फळे लागतात. पिकल्यावर झाकण गळून पडते, मडके फांदीलाच राहते, व आतल्या बियांपुढे बदाम फिका पडतो.

अर्जदाराची कन्या जमनी पहिल्या खेपेची पोटुशी असून माहेरी आली आहे. तिच्या पोटात भाकर ठरत नाही, पेज ठरत नाही. या झाडाखाली पडलेली एक बी तिने खाल्ली, ती मात्र ठरली. "बापू, अजून आणा," असे ती म्हणाली. इतक्या दिवसांत पोरीने तोंडाने काही मागितले ते हेच. अर्जदाराने गाडी झाडाखाली लावली, मडक्यात हात घातला व मूठ भरली. रिकामा हात सहज आत गेला होता. भरलेली मूठ बाहेर येईना.

मूठ सोडावी, हे अर्जदारास कळत नाही असे नाही. पत्नी रामीबाई हिने सर्वांसमक्ष विचारलेही, "माकडाले समजते, तुमाले काहून समजत नाही?" परंतु रामलाल खाली पोते घेऊन उभे होते. त्यांचे म्हणणे, "मूठ सोडली का बिया सरकारजमा. मडकं फोडलं का केस." अशा स्थितीत कोणता बाप मूठ सोडील, याचा हुजुरांनीच विचार करावा.

आज सकाळी रामलाल यांना कीव आली. "हात कसा काढतात ते मी दाखवतो," असे म्हणून ते गाडीवर चढले व त्यांनी शेजारच्या मडक्यात हात घातला. एक बी काढून चाखली. डोळे मिटले. पुन्हा हात घातला. तेव्हापासून तेही गाडीवरच आहेत. "आता सोडा न मूठ," असे अर्जदाराने सुचविले असता, "तू सोड पह्यले," असे उत्तर मिळाले.

येथवर लिहून होते तोच जमनी स्वतः चालत आली व म्हणाली, "बापू, बिया राहू द्या. मले आता चिंच पाह्यजे." अर्जदाराने तत्काळ मूठ उघडली. हात निघाला. थोडा सुजला आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

तरी वरील विषय रद्द समजून असे वाचावे की, चिंचेचे झाडही त्याच आवारात व सरकारीच असल्याने त्यावर चढण्यास परवानगी असावी. रामलाल यांचा हात सध्या गुंतलेला आहे. त्यांनी गाडीवरून तोंडी हरकत घेतली; ती चिंचेपर्यंत ऐकू येत नाही.

आपला नम्र, व पहिल्या फांदीवर पोचलेला,
पूनमसिंग किसनसिंग राठोड
(कागद काठीला बांधून वर घेऊन सही केली.)