अंगावर आम्ल पडल्यास

गव्हाणखेड, पो. धाड
ता. २४ नोव्हेंबर १९६३

ती. सौ. रुख्मिणीताईस,
सहदेवचा सा. न. वि. वि.

तुझे पत्र पोचले. जानराव भाऊजींचा खोकला कमी झाला हे वाचून बरे वाटले. इकडे मी खुशाल आहे. शाळेचे रसायनाचे कपाट अखेर आले. पूर्वी कडबा ठेवत त्या खोलीला चुना मारून घेतला आणि तिची प्रयोगशाळा केली. परीक्षानळ्या, दोन स्पिरिटचे दिवे, मोरचूद, गंधक आणि गंधकाम्लाची एक मोठी बाटली. कपाटाची चावी माझ्याच कडदोऱ्याला असते, हे ऐकून तू हसशील.

पहिला आठवडा कुणाला काहीच पेटवू दिले नाही, नुसते नियम. कशाची चव घ्यायची नाही. नळीवर नाक न्यायचे नाही, हाताने वास आपल्याकडे ओढायचा. आम्लात पाणी ओतायचे नाही. पाण्यात आम्ल, तेही काचकांडीवरून थेंब थेंब. आणि अंगावर आम्ल पडल्यास ताबडतोब भरपूर पाणी. हे सगळे फळ्यावर नववीतल्या आशाने लिहिले, तिचे अक्षर वर्गात सर्वांत चांगले. तिचा बाप मोतीराम बौद्धवस्तीत राहतो, सालदार आहे. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि पोरीला शिकवणारच म्हणाला.

परवा तिने विचारले की मीठ पाण्यात विरघळल्यावर दिसत नाही, मग ते तिथे आहे हे चव न घेता कसे ओळखायचे. मी पाणी आटवून दाखवले. ताटलीत पांढरा थर उरला तसा तिला इतका आनंद झाला, की जणू मीठ तिनेच शोधून काढले. असे विद्यार्थी असले की घसा बसेपर्यंत शिकवावेसे वाटते.

लोभ आहेच, तो वाढावा.
तुझा,
सहदेव


सोनाळा
ता. ३ डिसेंबर १९६३

चि. सहदेवास ताईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुही चिठ्ठी मी मोठ्यानं वाचून दाखवली. हे म्हणाले, मास्तर झाल्यापासून याचं पत्र कचेरीच्या कागदासारखं येते. मले हसू आलं, पण अभिमानही वाटला. इकडे कपाशीची वेचणी चालू आहे. कलाबाई आणि तिची सून येतात, मी वावरातच असते.

त्या तेजाबापाशी जपून राय बापा. आपल्या गावच्या सोनाराची बोटं तू पाह्यली आहेत. आणि बीबी गावाकडचं एक स्थळ आलं आहे, पोरगी सातवी शिकली. तू काऊन उत्तर देत नाही? मीठ आटवून पाहाले तुले टाइम आहे अन् याले नाही.

जेवणाची हयगय करू नको. आठवण ठेवतो तशीच ठेवत जा.
तुही ताई,
रुख्मिणी


गव्हाणखेड
ता. १९ डिसेंबर १९६३

ती. ताईस सा. न. वि. वि.

एक वाईट बातमी आहे. सोमवारी तास चालू असताना प्रयोगशाळेत अपघात झाला. पाणी ओतले तर खरेच उसळते का, ते पाहायला दोघा मुलांनी आम्लात पाणी ओतले. ते उसळून शेजारच्या टेबलाशी उभ्या असलेल्या आशाच्या तोंडावर उडाले. तिला छकड्यातून धाड गावाला आणि तिथून एस.टी.ने बुलढाण्याच्या दवाखान्यात नेले. डोळ्यांवर पट्ट्या आहेत.

नियम शिकवलेले होते. ते फळ्यावर लिहिलेले होते, हे सर्वांनी पाहिले आहे. जे करण्यासारखे होते ते केले. हेडमास्तर भगवानराव म्हणाले की तुमची यात काही चूक नाही. मी ठीक आहे.

काळजी नसावी, माया असावी.
सहदेव


सोनाळा
ता. २७ डिसेंबर १९६३

चि. सहदेवास आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. परायी पोरगी, पण लेकरूच ते. तिच्या मायचं काय झालं असन.

पण सहदेव, मी तुले वाढवलं आहे. लहानपणी कपबशी फुटली की तू मले आधी हे सांगायचा, की फडताळ उघडंच होतं. या चिठ्ठीत तू नियमाचं दोनदा लिवलं अन् पोरीचं एकदा. तूच मांगं लिवलं होतं की अंगावर पडलं तर ताबडतोब पाणी. या चिठ्ठीत पाण्याचं नावच नाही. पाणी कोनं टाकलं? किती टाकलं? मले खरं लिही. मी कोनाले सांगत नाही.

तुह्यावर जीव आहे म्हणून विचारते.
ताई


गव्हाणखेड
ता. ५ जानेवारी १९६४

ती. ताईस सा. न. वि. वि.

पाणी कोणीच टाकले नाही.

प्रयोगशाळेतली बादली सकाळपासून रिकामी होती. मी ती पाहिली होती, शिपायाला सांगू म्हटले आणि राहून गेले. पण पाणी लांब नव्हते. दाराबाहेर पडवीतच माठ आहे, त्या दिवशी गळ्यापर्यंत भरलेला होता. ताई, शाळेत दोन माठ आहेत. हा एक, आणि वस्तीतल्या मुलांचा दुसरा, मागे कुंपणापाशी. तो कोरडा होता. मी रुजू झालो त्याच आठवड्यात भगवानरावांना याबद्दल विचारले होते. ते म्हणाले, कायद्यात एक माठ आहे, गावात दोन आहेत, तुम्ही विज्ञान शिकवा. मी विज्ञान शिकवू लागलो. हे तुला कधी लिहिले नाही.

आशा ओंजळीत तोंड धरून बाहेर धावली. मी तिच्या मागे. पडवीत माठापाशी ती अडखळली. मी माठातून गडवा भरून वर काढला. पडवीत पोरे होती, दोन मास्तर होते, सगळे माझ्या हाताकडे पाहत होते. माझा हात थांबला. किती वेळ, ते मला सांगता येत नाही. तेवढ्यात ती डोळे मिटूनच वस्तीतल्या विहिरीच्या वाटेला लागली. विहीर दोन फर्लांगांवर आहे. मी गडवा खाली ठेवला आणि रिकाम्या हातांनी तिच्या मागे पळालो. भरलेला गडवा घेऊनही पळता आले असते. ते मला नंतर सुचले.

डॉक्टर म्हणाले, जागच्या जागी धुतले असते तर बरेच वाचले असते. उजवा डोळा गेला. डाव्याने उजेड-अंधार कळतो. भगवानरावांनी अहवाल लिहून आणला की विद्यार्थिनी घाबरून पळून गेल्यामुळे प्रथमोपचार करता आले नाहीत. त्याखाली माझी सही आहे.

तुझा म्हणवून घेणारा,
सहदेव


सोनाळा
ता. १४ जानेवारी १९६४

सहदेव,

तीळगूळ पाठवत नाही. यंदा केलाच नाही.

तुही चिठ्ठी तुह्या भाऊजीले दाखवली नाही. पाच-सहा दिवस मी माह्या हाताकडे पाहून राह्यली. कलाबाई आपल्या वावरात पंचवीस वर्सं येते. तिले तहान लागली की मी वरून पाणी ओतते, ती खाली ओंजळ धरते. भांडं लागू देत नाही. आई गेली तवा तू दोन वर्साचा होता, माह्या कडेवर बसून हेच पाहत होता. तुहा हात थांबला तो काही त्या दिवशी शिकला नाही. मीच शिकवला.

तरी मी तुले माफ करत नाही. मी चौथी शिकली, तू बी.एस्सी. झाला. पान्यानं काय होते ते तुले ठावं होतं.

तो कागद खोटा आहे. दुसरा लिही अन् खाली सही कर. नोकरी जाईन तर जाऊ दे, घरी जवारी आहे. अन् त्या पोरीच्या घरी जा. तिथं रडत बसू नको. तिले सांग की हात थांबला होता.

मंग मले लिहिजो, त्याच्या आधी नको.
रुख्मिणी


गव्हाणखेड
ता. २२ एप्रिल १९६४

ती. ताईस सा. न. वि. वि.

दुसरा कागद जानेवारीतच लिहिला आणि रजिस्टर पोस्टाने बुलढाण्याला शिक्षण खात्याकडे पाठवला. पोच आली. पुढे काही आले नाही. भगवानराव रागावले नाहीत, फक्त जूनपासून येऊ नका म्हणाले. मास्तरांनी माझ्याशी बोलणे सोडले. प्रयोगशाळेला कुलूप आहे. माठ दोनच आहेत.

आशाच्या घरी जायला मात्र मला तीन महिने लागले. रोज निघायचो आणि मारुतीच्या पारापासून परतायचो. काल गेलो. मोतीराम दारात दोरी वळत बसला होता, त्याने घोंगडी टाकली. आशा भिंतीला टेकून ज्वारीतले खडे बोटांनी चाचपून वेचत होती. उजव्या बाजूचा गाल आवळून आला आहे. माझा आवाज ओळखून ती उठून उभी राहिली, वर्गात राहते तशी.

मोतीरामने विचारले की पोरीला दहावीत बसवतील काय. मी सांगितले की गैरहजेरीमुळे नाव कमी केले आहे. त्याने मान हलवली आणि दोरी वळू लागला.

मग मी तू लिहिले होतेस तसे आशाला सांगितले: तू घाबरून पळालीस असे मी लिहून दिले होते, ते खोटे होते. मी गडवा भरला होता आणि माझा हात थांबला. रडलो नाही.

 आशा म्हणाली, मले ठावं आहे सर. मी विचारले, तुला कसे ठाऊक, तुझे तर डोळे मिटलेले होते. तर म्हणाली, मी अडखळली नव्हती, थांबली होती. माठात गडवा बुडल्याचा आवाज आला, म्हणून मी तोंडावरचे हात काढून तोंड वर केलं होतं.

यापुढे माझ्याने लिहवत नाही. रविवारच्या गाडीने सोनाळ्याला येतो. माया उरली असेल तेवढी राहू दे, जास्त मागत नाही.

तुझा,
सहदेव