सुई न देणारा डॉक्टर

नांदेड, ९ डिसेंबर २००३

ती. आत्याबाईंना सून शिलाचा नमस्कार.

लेकरू आता दूध ओढून राहिलं, धापही उतरली. घोर करू नका. म्हैस व्याली का?

इथले डॉक्टर सलाईन लावत न्हाईत, सुई देत न्हाईत. नुसतं नाक साफ करतात अन् नळीनं ऑक्सिजन देतात. काहून म्हणून मी भांडलेच. ते म्हणले, "छातीत उतरलेली सर्दी आहे. सुईनं लवकर जात नाही."

मग आधीच्या दवाखान्यात रोज रक्त कशाला काढलं? छातीचे तीन फोटो कशाला? मी ते खिडकीत धरून पाहते. फासळ्या दिसतात, सर्दी कुठंच दिसत न्हाई.

धाप उतरावी म्हणून तुमी पोटावर दिलेले बिब्ब्याचे चटके पाहून डॉक्टरांनी विचारलं, "हे कुणी केलं?" मी तुमचं नाव सांगितलं न्हाई. लेकराचे पाय तर मीच दाबून धरले होते.

तुमची,
शिला